वन्स मोर न घेण्याची अट

"वन्स मोर! अवो बुवा, वन्स मोर! आज सोडत न्हाय तुमाला, पुन्हा म्हना!"

नाट्यगृहाच्या मधल्या रांगेत खुर्चीवर उभा राहून ओरडत होता तो माझा मेव्हणा. त्याचा आवाज म्हणजे साधासुधा आवाज नव्हे. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाची बोली पुकारून पुकारून तयार झालेला. त्यानं सोलापुरात हाक मारली की टेंभुर्णीच्या चौकात ट्रकवाले ब्रेक मारतात, हे मी आजवर बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं आहे आणि अजून कुणी खोटं म्हटलेलं नाही. त्या दिवशी मात्र तो आवाज मी विंगेत उभा राहून ऐकला. नाटकात मी राजाचा शिपाई होतो. हातातला पत्र्याचा भाला असा थरथरायला लागला की त्याचा खुळखुळ आवाज यायला लागला. शेवटी मी तो भिंतीला टेकवून ठेवला.

कारण वन्स मोर घ्यायचा नाही, ह्या एकाच अटीवर ते नाटक आम्हाला मिळालं होतं.

संगीत नाटक. आमच्याच शहरातल्या एका लेखकानं लिहिलेलं. राजासाठी शेला विणणाऱ्या एका विणकराची गोष्ट. शेवटच्या अंकात विणकर तयार झालेला शेला मागावरून उतरवतो आणि उतरवता उतरवता एक पद म्हणतो. लेखक स्वतः विणकराचं काम करायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. नाटक तेव्हापासून कुणी केलेलं नव्हतं, आणि ते करायचं आमच्या हौशी मंडळाच्या मनात आलं ते बुवांमुळे.

बुवा म्हणजे आमचे गाणारे नट. गिरणी चालू होती तोवर गिरणीत होते, आता चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. गेटवर बसून ते ताना घेतात म्हणून त्या कारखान्यात कधी चोरी होत नाही. चोर येतात, भिंतीवर बसून ऐकतात आणि उजाडलं की आपापल्या घरी जातात. बुवांना ते शेवटचं पद तरुणपणापासून पाठ. एकदा तरी ते रंगमंचावर उभं राहून म्हणायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तालमी सुरू झाल्या. पेटीला हळदकुंकू वाहिलं. पत्रिका छापल्या, पहिली सिद्धेश्वराच्या पायाशी ठेवली. एवढे नारळ फुटले की बाळीवेशीत खोबऱ्याचा भाव पडला. देवाला विचारलं, नगरसेवकाला विचारलं, मांडववाल्याला विचारलं. फक्त ज्याचं नाटक त्याच्या घरी कुणी विचारलं नाही. आपल्याच गावचा माणूस, त्याची परवानगी कसली, असा आमचा सोलापुरी हिशेब. शेवटी नाट्यगृहाच्या मॅनेजरनं परवानगीचं पत्र मागितलं तेव्हा डोळे उघडले. नाटकाचे हक्क लेखकाच्या मुलीकडे होते. ती करमाळ्याला शाळेत शिकवायची.

आमचे दिग्दर्शक, बुवा आणि मी असे तिघं गेलो. बाईंनी पोहे दिले, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेवटच्या पदाला वन्स मोर घ्यायचा नाही. हे कबूल असेल तर एका प्रयोगाचं पत्र देते."

दिग्दर्शक हसत म्हणाले, "अहो ताई, वन्स मोर काय आमच्या हातात असतो? पब्लिकच्या हातात असतो."

"मागणं पब्लिकच्या हातात," त्या म्हणाल्या. "घेणं गाणाऱ्याच्या."

मग त्यांनी सांगितलं. वडिलांनी ते पद एकदा म्हटलं. वन्स मोर आला, पुन्हा म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा म्हटलं. छातीत दुखत होतं ते कुणाला कळलं नाही. आत येऊन रंगपटातल्या पेटाऱ्यावर बसले, ते तिथंच गेले. "मी पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर होते," बाई म्हणाल्या. "सगळे ओरडत होते म्हणून मीही ओरडत होते."

पोह्यांची बशी माझ्या हातात होती. ती कुठं ठेवावी ते मला सुचेना.

बुवा म्हणाले, "शब्द दिला, ताई."

परतताना टेंभुर्णीला एसटी चहासाठी थांबली. बुवांनी चहाचा ग्लास घेतला, पण तोंडाला लावला नाही. मग म्हणाले, "मला आजवर जेवढे वन्स मोर मिळाले, ते सगळे तुझ्या मेव्हण्याचे. म्हाईत हाय मला."

"तसं काय न्हाय बुवा."

"तसंच हाय की. त्येला भजी कोन चारतं, तेबी म्हाईत हाय." चहा गार झाला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला. "ह्या पदाला एकांदा खरा मिळाला असता गड्या. जाऊ दे."

ह्याचा खुलासा करायला हवा. आमच्या मंडळात रीतच होती. प्रयोग लागला की माझा मेव्हणा मधल्या रांगेत बसायचा, पद संपलं की पहिला वन्स मोर त्याचा. लोक लाजतात, कुणीतरी सुरुवात करावी लागते. प्रयोगानंतर त्याला नव्या पेठेत पोटभर भजी. वन्स मोर न घेण्याची अट पेटीवाल्याला सांगितली, तबलजीला सांगितली, पडदा ओढणाऱ्यालासुद्धा दोनदा सांगितली. मेव्हण्याला सांगावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्याला कधी कुणी बोलावतच नव्हतं. तो आपला यायचा, बसायचा, ओरडायचा. पंख्याला कुणी जाऊन सांगतं का, आज फिरू नको म्हणून?

तर प्रयोगात शेवटचं पद संपलं आणि तो ओरडला.

आणि त्या दिवशी तो एकटा राहिला नाही. आधी त्याच्या मागची रांग उठली, मग बाल्कनी. म्हाताऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. छपरावरची कबुतरं जी उडाली ती थेट हिप्परग्याच्या तळ्यावर जाऊन बसली. एवढी वर्षं रंगमंचावर वावरलो, असा आवाज मी आमच्यासाठी कधी ऐकला नव्हता.

पेटीवाल्याचे हात सवयीनं पट्ट्यांवर गेले होते. त्यानं ते उचलले आणि मांडीवर ठेवले.

बुवा मधोमध उभे होते, दोन्ही हातांवर शेला. ते समोर बघत नव्हते. पहिल्या रांगेच्या कडेला करमाळ्याच्या बाई बसल्या होत्या, तिकडेही बघत नव्हते. गळ्याची शीर वर आली होती. पद ओठांपर्यंत आलं की माणसाच्या गळ्याला काय होतं ते मी एवढ्या जवळून पाहिलेलं आहे. ते पद तिथं आलेलं होतं. बुवांनी ते गिळलं.

"भाव खातंय बगा म्हातारं!" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या झाल्या. एकजण "पैसे परत द्या" म्हणाला, खरं तर नाटक फुकट होतं.

बुवा तसेच उभे. हळूहळू आवाज बसत गेला. कुणी कुणाला गप्प केलं नाही, लोक आपोआप खाली बसले. मग बुवांनी पुढचं वाक्य घेतलं, "शिपाईदादा, शेला घेऊन जा."

मी भाला विसरूनच रंगमंचावर गेलो. शेला हातात घेतला. बुवांचे तळवे घामानं ओले झाले होते आणि शेल्याची घडी त्या दोन जागी दमट होती. ती मी तशीच राजाला नेऊन दिली.

प्रयोगानंतर रंगपटात मेव्हणा धावत आला. "दाजी! आज पब्लिक खरं उठलं हुतं की वो! मी गप बसलो तरी थांबंना झालं! बुवा का म्हनले न्हाईत?"

मी त्याला बाजूला बसवलं.

बाई आल्या तेव्हा बुवा खोबरेल लावून रंग पुसत होते. ते उठून उभे राहिले. अर्धा चेहरा विणकराचा, अर्धा वॉचमनचा. दिग्दर्शकांनी बाईंना बसायला पेटारा पुढं केला. बाईंनी पेटाऱ्याकडे पाहिलं आणि उभ्याच राहिल्या. दिग्दर्शकांना चूक कळली, त्यांनी पेटारा पायानं मागं सारला.

त्या बुवांच्या, मघाशी शेला धरलेल्या हातांकडे बघत होत्या.

बुवा म्हणाले, "ताई, बार्शीचं ह्याच नाटकाला बोलावनं हाय. अट तीच. करू का?"

"दर प्रयोगाला विचारायला यायचं," त्या म्हणाल्या.