पगाराचा तिसरा हिस्सा

माझ्या धाकट्या बहिणीच्या उसाचं बिल कारखान्याकडून जमा झालं, की ती बातमी मोरगावात आमच्या माहेरी त्याच दिवशी पोचते. आई शेळ्यांना पाला टाकता टाकता शेजारणीला ऐकवते, "धाकटीचं बिल आलं बरं का!" माझा पगार दर महिन्याला येतो. तो आल्याचं माझ्या मोबाईलला कळतं आणि किराणा दुकानदाराला कळतं. आईनं त्याची चौकशी आजवर एकदाही केलेली नाही.

आम्ही दोघी एकाच जिरायती घरातल्या. घरी बाजरी, ज्वारी आणि शेळ्या. मला पळसदेवला दिलं, तिला बारामतीजवळ कालव्याखालच्या बागायतदार घरात. माझा नवरा उजनीची मासळी टेम्पोतून भिगवणच्या बाजारात पोचवतो आणि मी लोणी देवकरच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जोड तपासते. लाइनवर उभं राहायचं तर हातात बांगड्या चालत नाहीत. गेटच्या आत गेलं की सगळ्या बायका बांगड्या उतरवून डब्याच्या पिशवीत ठेवतात आणि दिवसभर मोकळ्या हातांनी काम करतात. माझी बहीण मात्र कोपरापर्यंत भरलेले हात घेऊन उसाच्या बांधावर जाते.

मी तिच्यावर जळते. आडपडदा कशाला ठेवू? लहानपणी जळत नव्हते. सुरुवात झाली ती आईच्या पाटल्यांपासून.

आईच्या हातात दोन जाडजूड सोन्याच्या पाटल्या होत्या. एक माझ्या लग्नात मोडली, दुसरी धाकटीच्या. दोघींना सारखंच मिळालं असं आई म्हणते. पण माझं लग्न आधी झालं, तेव्हा सोनं स्वस्त होतं. माझ्या पाटलीत साखरपुडा आणि मांडव भागला. धाकटीच्या वेळेपर्यंत सोन्यानं अशी उडी घेतली होती, की तिच्या पाटलीत मांडव, बँडबाजा, वर फ्रीजसुद्धा आला. पाटली तीच, वजन तेच. तेव्हापासून ती जी माझ्यापुढं गेली, ती पुढंच आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला आम्ही दोघी माहेरी होतो. आई पुरणाचा गोळा हातात घेऊन बसली होती आणि हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. धाकटी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आई, पुढच्या दिवाळीला बिल आलं की तुला पाटल्या करणार मी. जोडी." आईनं पुरणाचे हात उलटसुलट करून पाहिले आणि हसली. भाऊ म्हणाला, "ऊसवाल्यांचं काय बाबा, एकदम येतं." भावजय म्हणाली, "न्हाय तर काय." माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. मी चुलीपुढं पोळ्या भाजत होते. एक करपली, ती मी मुकाट्यानं स्वतःच्या ताटात घेतली.

परतीच्या एसटीत मी ठरवलं, आईच्या हातात पाटल्या घालायच्या त्या मी, आणि तिच्या आधी. माझाही पगार एकदम आला पाहिजे, बिलासारखा. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हणजे नळाचं पाणी, भांडं भरलं तरी कुणी बघायला येत नाही. उसाचं बिल म्हणजे कालव्याला पाणी सुटल्यासारखं, गावभर कळतं.

शहाणी माणसं आधी खर्च मांडतात आणि मग मागं काय टाकता येईल ते बघतात. मी उलटं केलं. पाटल्यांची किंमत धरली, ती दिवाळीपर्यंतच्या महिन्यांत वाटली, आणि जे आलं ते बाजूला काढायचं ठरवलं. ते जवळजवळ निम्मा पगार झालं. नवरा म्हणाला, "एवढं?" मी म्हटलं, "एवढंच." नवं खातं उघडलं आणि त्याचं एटीएम कार्ड मुद्दाम घेतलं नाही.

निम्म्याचा हट्ट एक महिना टिकला. गॅस संपला, थोरल्या पोराची फी आली, टेम्पोचं टायर बसलं. दुसऱ्या महिन्यात बँकेत जाऊन, काचेपलीकडच्या पोरीला कारण सांगत, माझेच पैसे मला काढावे लागले. त्या दिवशी मी तिसऱ्या हिश्शावर आले. निम्मा आवाक्यात नव्हता आणि चौथ्यानं धाकटीला गाठता येत नव्हतं, म्हणून तिसरा. याहून मोठा हिशेब त्यात नव्हता. उरलेली तूट ओव्हरटाइमनं भरायची.

मग घरात चिलापी सुरू झाली. नवऱ्याच्या टेम्पोत बारकी मासळी उरायची, ती फुकट. भाजी बंद, चिलापी. कालवण, तळलेली, सुकी, परत कालवण. दूध निम्म्यावर आणलं. पोरं ताट बघूनच उठायला लागली. नवरा एकदा जेवता जेवता गळा चाचपत म्हणाला, "अगं, बघ की जरा, माशावानी कल्लं फुटलं का मला?" मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढं बहिणीचं तोंड होतं, पाटल्या बघून पडलेलं.

तिच्यावर माझी नजर तर चोवीस तास. आठवड्याला फोन करायचे. "तोड आली का गं?" तोड म्हणजे ऊस तोडणाऱ्यांची टोळी. ती वैतागून म्हणायची, "कुठली आक्का! आमचा नंबरच लागंना." तसं ऐकलं की मला भाकरी गोड लागायची. "व्हईल गं," म्हणायचे मी, अगदी मायेनं. पुढं तोड आली, ऊस गेला, पहिलं बिल आलं, आणि ते घरखर्चात गेलं हेही मी गोड बोलून काढून घेतलं. तिची सगळी मदार आता कारखाना दिवाळीला देतो त्या शेवटच्या हप्त्यावर होती.

सोन्यानं मात्र आम्हा दोघींनाही विचारलं नाही. दर महिन्याला भाव वर. मी तिसरा हिस्सा टाकायचे आणि सोनं तेवढंच पुढं सरकलेलं असायचं. उन्हाळ्यात पाणी उतरून धरणातलं जुनं देऊळ उघडं पडलं, गावात गाड्या भरभरून माणसं बघायला आली, शेजारणी पोराबाळांना घेऊन होडीतून जाऊन आल्या. मी त्या सगळ्या रविवारी ओव्हरटाइमला होते.

दिवाळीच्या तोंडावर बारामतीला सराफाकडं गेले. नवरा बरोबर होता. एकदम एवढे पैसे म्हटल्यावर सराफानं चहा मागवला, खुर्ची पुढं केली आणि विचारलं, "ऊस किती असतो ताई?" मी म्हटलं, "आमचा ऊस न्हाय, पगार हाय माझा." तो म्हणाला, "असं होय! मग आमची महिन्याच्या हप्त्याची योजना घ्यायची ना. पगारवाल्यांना ती सोपी पडते." मी चहा तसाच ठेवला. वर्षभर पोटाला चिमटा काढून बिल उभं केलं होतं, तर हा मला परत हप्त्यावर बसवत होता.

ठरवलेल्या वजनाच्या पाटल्या त्या पैशांत बसेनात. हलक्या घ्याव्या लागल्या. तरी जोडी होती.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशीच मी मोरगाव गाठलं, धाकटी यायच्या आत. आईच्या हाताला तेल लावून पाटल्या चढवल्या. आईचे डोळे भरले. मनगट हलवून बघत म्हणाली, "जुन्यापरीस हलक्या हायत, पर झ्याक हायत." मी तेही गिळलं. मला घाई होती ती धाकटी येण्याची. तेवढ्यात आईनं पाटल्या परत उतरवल्या.

"घाल की," मी म्हटलं.

"धाकटी येतीय. तिला काय सांगू नगं. ती करनार म्हनली हुती. औंदाचं बिल समदं ट्रॅक्टरच्या हप्त्यात गेलं तिचं. कमीपना वाटल पोरीला."

"आन् मला?"

"तुला कसला कमीपना? तुला तर म्हैन्याच्या म्हैन्याला येतंय."

पाटल्या पेटीत गेल्या. वर आईचं जुनं लुगडं पडलं. दुसऱ्या दिवशी धाकटी आली, नवी पैठणी नेसून आली, आणि आईनं तिच्याच आवडीची बासुंदी केली होती. मी तिच्याशेजारी बसून ती खाल्ली. पेटी आमच्या पाठीशीच होती. आईला हवं होतं म्हणून मी गप्प बसले असं कुणी समजू नये. पोटात इतका जाळ होता, की तोंड उघडलं असतं तर भाऊबीज तिथंच आटोपली असती.

घरी आल्यावर मी ते खातं बंद केलं. म्हटलं, कशाला वाचवायचं? एक रुपया बाजूला टाकणार नाही. चिलापी हद्दपार झाली, दूध वाढलं, पोरांना बूट आले. नवरा खूश, पोरं खूश. मी मात्र पगाराच्या दिवशी मोबाईल बघायचे आणि डोळ्यांपुढं ती पेटी यायची. आईनं पुढं कधीतरी पाटल्या घालायला सुरुवात केली आणि धाकटीनं विचारल्यावर शेळ्या विकून केल्या असं सांगितलं, हे मला भावजयीकडून कळलं. माझ्या तिसऱ्या हिश्शाचं श्रेय शेळ्यांना गेलं होतं. फोनवर आईशी मी हो-नाहीपुरतंच बोलायला लागले.

यंदा वैशाखात धाकटीच्या पुतणीचं लग्न होतं, बारामतीत, मंगल कार्यालयात. अक्षता पडल्या, लोक पंगतीकडं वळले आणि धाकटी माणसांना पुढं बसवत फिरताना दिसली. हात वर करून कुणाला तरी बोलावत होती. त्या हातात पाटल्या होत्या. माझ्या.

मी गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते तोंडात तयारच होतं. पोरांच्या ताटातल्या चिलापीपासून सराफाच्या चहापर्यंत सगळं. चारचौघांत बोलणार होते, तिच्या जावांच्या देखत.

"पाटल्या कुणाच्या गं?" मी विचारलं.

"आईच्या हायत," तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली केला. "दोन दिसांपुरत्या मागून आनल्यात. जावांच्या हातात पाटल्या, आन् माझं हात मोकळं दिसत्याल म्हनून. माझ्या मोडून ट्रॅक्टरला दिल्या ना आमी."

मी बोलायला तोंड उघडलं, पण तीच पुढं झाली. तिचा चेहरा मी आजवर इतका आंबट पाहिला नव्हता.

"मी आईला म्हनलं, ऱ्हाऊ देत माझ्याकडंच. तुला आता काय करायच्या ह्या वयात? तर न्हाय म्हनली. म्हनली, लग्न झालं की आनून दे, त्या थोरलीच्या हायत. मी मेल्यावर बी तिलाच जायच्या. शेळ्या इकून केल्या, आन् नाव आधीच तुझं लावून बसलीय! मी ईचारलं, माझ्यासाठी काय? तर उठून चुलीकडं गेली." तिनं पाटल्या कोपराकडं सरकवल्या आणि परत खाली आणल्या. "तुझं बरं हाय आक्का. पगार बी म्हैन्याला, आन् पाटल्या बी फुकट."

फुकट.

मंडपात पंखे फिरत होते, वाढपी भाताची घमेली नेत होते. आई काहीच विसरली नव्हती. तिनं पाटल्या एका दिवसासाठीही दुसऱ्या कुणाच्या मानल्या नव्हत्या, फक्त मला सांगितलं नव्हतं. आमच्या आईला गोड बातमी सांगायची सवयच नाही.

धाकटी माझ्याकडं बघत होती. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, डोळे बारीक. हा चेहरा मी ओळखत होते. दर दिवाळीला मोरगावच्या घरातल्या आरशात मी तो बघितला होता, माझाच.

"नशीब म्हनायचं गं," मी म्हटलं आणि तिला हाताला धरून पंगतीला बसवलं. पाटल्या माझ्या बोटांना लागल्या. खरंच हलक्या होत्या.

जेवताना ती धुसफुसत होती, बुंदी नको म्हणाली. मी दोनदा घेतली. तिला खरं सांगितलं असतं, तर तिचं जळणं तिथंच थांबलं असतं. आणि त्या जळण्यासाठी तर मी वर्षभर पगाराचा तिसरा हिस्सा बाजूला काढला होता.