आधीचा घरमालक

मुलांनो, भाड्याने द्यायच्या वरच्या दोन खोल्या दाखवून दाखवून मी थकले होते. गुडघे दुखतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे. म्हणून तुमच्या बाबाने तिकडे बसून माझ्यासाठी एक सोय केली. ज्याला खोल्या हव्यात त्याने फोनवरच अर्ज भरायचा. छाननी संगणक करणार आणि मला फक्त पसंत ठरलेल्याचं नाव कळवणार. "आई, आता तुला दगदग नको," तो म्हणाला.

झालं उलटंच. नाकारलेली माणसं थेट दारात येऊ लागली. त्यांना का नाकारलं हे मला ठाऊक नसे, तरी उत्तर मीच द्यायचं.

जूनमध्ये जेऊरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिला इथल्या शाळेत नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. तिचा अर्ज नाकारला गेला होता.

"बाई, आमच्या पोरीत काय खोट हाय व्हय?"

"ते संगणक ठरवतो. माझ्या हातात काही नाही."

"आन् घर कुणाचं हाय? संगणकाचं?"

"आप्पा, गप बसा की," मुलगी म्हणाली.

मी तुमच्या बाबाला फोन लावला. त्याने बघून सांगितलं, अर्जात आधीच्या घरमालकाचा नंबर आणि मुलीच्या वडिलांचा नंबर एकच आहे. असा अर्ज बनावट धरायचा, असा नियम त्यानेच घातला होता.

मी गृहस्थांना विचारलं, "आधीचा घरमालक म्हणून तुम्ही स्वतःचं नाव दिलंत?"

"मग कुणाचं देऊ? जल्मापास्नं माझ्याच घरात ऱ्हाती. भाडं तेवढं एकदाबी दिलं न्हाय तिनं."

मी हे सगळं फोनवर सांगितलं. बाबा हसला, पण म्हणाला की बनावट ठरलेल्याला महिनाभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

"मग मी हो म्हणते."

"तशी सोय ठेवलेली नाही गं, आई. तुला त्रास नको म्हणून."

मी फोन ठेवला आणि मुलीला म्हटलं, रविवारी सामान घेऊन ये.

ती वर राहते आहे, व्यवस्थित आहे. पण संगणकाच्या लेखी खोल्या रिकाम्याच, त्यामुळे अर्ज येतात, नाकारले जातात, आणि भर दुपारी बेल वाजते. बाबाला दोनदा सांगितलं. तो कामात असतो. तुम्ही त्याच्या मागे लागा. खोल्या दिल्या, एवढं मला त्या संगणकाला सांगता आलं तरी पुरे.