फाटकाबाहेरचे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका बाहेर थांबलेला माणूस अख्ख्या इंदूरमध्ये सापडणार नाही. सियागंजच्या बाजारात मामी दुकानात शिरल्या की मामा पिशव्या घेऊन पायरीवर थांबायचे. आमच्याकडे येतात तेव्हा दार सताड उघडं असलं, तरी आतून "या" ऐकू येईपर्यंत चपला काढत नाहीत. एकदा मी आंघोळीला आणि बायको गच्चीवर, तर पाऊण तास जिन्यात उभे राहिले आणि वर आम्हालाच म्हणाले, "घाई नाही, आरामसे."

या सवयीचं मूळ मामींच्या शाळेत. संस्थानी काळातली दगडी इमारत, मुलींची शाळा आणि फाटकावर पाटी: पुरुषांना आत प्रवेश नाही. मामी तिथे पाचवीला शिकवत. मामा रोज पाचच्या आधीच सायकल घेऊन फाटकाशी हजर. निरोप असला तर शिपाईणबाईंच्या हाती चिठ्ठी आत जायची, "छत्री आणली आहे. सावकाश ये." तीस वर्षांत त्यांनी मामींचा वर्ग पाहिला नाही. पुढे मामी गेल्या, शाळा दुसरीकडे हलली, आणि त्या इमारतीत आता दाल-बाफल्याचं रेस्टॉरंट आहे.

"एकदा तिचा वर्ग पाहायचाय," असं मामाच म्हणाले होते, म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही मुद्दाम पाचवीच्या वर्गातलं टेबल आणि जेवण सांगून ठेवलं. पण फाटकाशी आल्यावर त्यांचे पाय अडले.

"मामा, आता शाळा नाही इथे. पाटीही काढली," मी म्हटलं.

"मालूम है, जावईबापू. तुम्ही बसा आत. मी आहे इथे."

हात धरून ओढलं, तरी हलेनात. मला खरं तर रागच आला. आत बाफले गार होत होते.

बायको त्याच वर्गात शिकलेली. तिने आत जाऊन कागदी रुमालावर लिहिलं, "मामांना वर्गात पाठवावे," आणि वाढणाऱ्या बाईंच्या हाती तो बाहेर धाडला. मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली, केस सारखे केले आणि मुकाट्याने आत आले.

फळ्यावर खडूने मेनू लिहिलेला होता. मामा तिकडे न बघता खिडकीशी गेले.

"इथून फाटक दिसतं की!"

"मग! पावणेपाचला मामी इथे येऊन उभी राहायची," बायको म्हणाली. "ती खिडकीशी गेली की आम्ही दप्तरं भरायला लागायचो."

वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, बाफले परत गरम करून आणू का?

"आणा, आरामसे," मामा म्हणाले, आणि खुर्ची खिडकीशी ओढून बसले.