तीन शर्ट, तीन पँट आणि नऊ नोकऱ्या

माझ्याकडे सध्या नऊ नोकऱ्यांचे कपडे आहेत आणि त्यातली एकही नोकरी माझी नाही.

मी मुखेडचा. तेव्हा नांदेडला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. माझ्याआधी आमच्या घरातून कॉलेजच्या आत फक्त बाबा गेले होते, तेही ग्रंथालयाच्या भिंतीला गिलावा करायला. (बाबा गवंडी आहेत. भिंत अजून छान आहे.) त्यामुळे मी तिथे बाकावर बसून शिकत होतो याचं घरच्यांना कौतुक आणि मला धडधड. त्यात माझे सगळे शर्ट आहेराचे! आमच्याकडे लग्नात जो शर्टपीस मिळतो तो चमकतोच. मी उन्हात उभा राहिलो की समोरचा डोळे बारीक करून बोलायचा.

अशात लातूरच्या एका डाळ कारखान्याच्या ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबा आईला म्हणाले, "एवढी ऑफिसं बांधली, आत खुर्चीवर बस म्हणून कुणी बोलावलं न्हाई. ह्याला बोलावलं बग." झालं! तेव्हापासून माझी झोप उडाली. काय बोलू, कसा बसू, आणि मुख्य म्हणजे काय घालू?

मोबाइलवर एका गृहस्थांचा व्हिडिओ सापडला. ते म्हणत होते, कपडे मोजके ठेवा, टिकाऊ ठेवा, रंग साधे ठेवा. कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर चालला की सकाळची चिंता मिटते! चिंता मिटते म्हटल्यावर मी थेट मामांकडे गेलो.

मामा म्हणजे आईचे भाऊ. मुखेडला त्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि ते फक्त गणवेश शिवतात. शाळेचे, वॉचमनचे, ड्रायव्हरचे, कुणाचेही. नवरदेवाचा सूट शिवायला आणला तर ते हात जोडतात. "त्यो एक दिवस घालणार, मंग मी एवढी मजबूत शिलाई कामून मारू?"

"जय भीम, मामा. तीन शर्ट आणि तीन पँट शिवायच्या. फाटायला नको, विटायला नको."

"मंग त्यो कपडा हाय की माझ्याकडं! रंग सांग."

"पँट खाकी, गडद निळी आणि राखाडी. शर्ट खाकी, फिकट निळा आणि पांढरा."

मामांनी तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढून ठेवल्या. "हे रंग तूच ठरवलास?"

"हाव मामा. लई विचार करून."

"शिकलेलं लेकरू हाय," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी टेप काढला.

कपडे झकास झाले. फक्त तिन्ही शर्टांच्या खांद्यांवर बटणाची पट्टी होती, आणि छातीवर झाकणाचे दोन-दोन खिसे.

"मामा, ही पट्टी कशाला?"

"पट्टी नसली की खांदा उघडा पडल्यावानी दिसतंय."

"काढता येईल का?"

"माझी शिलाई?" मामांच्या चेहऱ्यावर असं दुःख उमटलं की मीच "राहू द्या, छान दिसते" म्हणालो. (मला नाही म्हणायला जरा वेळ लागतो. हा दोष लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.)

घरी आईला समजावलं, "तीन गुणिले तीन, नऊ जोड!"

आईने कपडे उलटेपालटे केले. "नऊ कुठले? मला तर तीनच दिसून राहिलेत."

तरी तिचा माझ्या शिक्षणावर विश्वास. तिने माझे सगळे चमकणारे शर्ट त्याच दुपारी भांडेवालीला घातले आणि स्टीलची बादली घेतली. परतीचे दोर असे बादलीत गेले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी औशाला आत्याच्या मुलीचं लग्न होतं. बेत ठरला: लग्न लावायचं, रात्री आत्याकडे राहायचं, सकाळी औशाहून लातूर. मी सगळे कपडे एवढ्याशा पिशवीत बसवले, पहिला जोड खाकीवर खाकी घातला आणि आईबाबांसोबत मुखेडच्या स्टँडवर गेलो.

बोचकं घेतलेल्या एका म्हातारीने माझी बाही ओढली. "कंडक्टर, लातूर कव्हा सुटती?"

मी नेहमीचा प्रवासी, मला वेळ माहीत होती. सांगितली. तिथेच चुकलं! पलीकडच्याने देगलूरची विचारली, कुणी भोकरची. मग सुट्ट्या पैशांचे हात पुढे यायला लागले. मी "अहो, मी नाही..." असं म्हणेपर्यंत माझ्यासमोर रांग लागली होती, आणि ती वाकडी होती म्हणून मी ती सरळ केली. खरा कंडक्टर आला तेव्हा त्याने माझ्या खांद्यावरची पट्टी पाहून आपुलकीने विचारलं, "कोणता डेपो?"

गाडीत एका बाईने आईला खिडकीची जागा दिली. "बसा मावशी. कंडक्टरची आई न्हाई का तुमी!" आई पदर सावरून बसली. मी डोळ्यांनी खुणावलं तर हळूच म्हणाली, "गप बस. वारं लई चांगलं येऊन राहिलंय."

औशाला उतरल्याबरोबर मी शहाणपणा केला. लग्नाच्या कार्यालयातल्या एका खोलीत खाकी उतरवली आणि गडद निळ्या पँटवर फिकट निळा शर्ट घालून दारात येऊन उभा राहिलो. जीपमधून एक जाडजूड पाहुणे उतरले आणि त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "सावलीत लाव रे." मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही! तोवर मागच्याने त्याची किल्ली ठेवली. नवरानवरीवर फुलं पडली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत किल्ल्याच किल्ल्या होत्या आणि रस्त्यावर गाड्यांचा असा खोळंबा होता की बँडवाले आत अडकले आणि नवरदेवाचे मित्र बाहेर.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "आरं, निदान पँट तरी बदल."

बदलली. खाकी पँट, निळा शर्ट. आणि त्याच क्षणी कार्यालयाची लाईट गेली. मी खोलीतून बाहेर पडलो तर जेवणाच्या पंगतीतून जल्लोष झाला, "आला, आला, लाईटवाला आला!" आत्याच्या दिराने माझ्यापुढे शिडी आणून टेकवली. शिडीवर मी चढलो, हे सांगायला नकोच. सुदैवाने लाईट आपोआप आली. टाळ्या मला मिळाल्या.

सकाळी उरला राखाडी पँट आणि पांढऱ्या शर्टाचा जोड. पुन्हा पुन्हा तपासला. कंडक्टर? नाही. लाईनमन? नाही. बाबा म्हणाले, "एकदम साहेब." मी निर्धास्त झालो आणि आम्ही दोघे लातूरला कारखान्याच्या गेटवर वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. बाबा समोरच्या टपरीवर चहाला थांबले. मी गेटकडे गेलो.

गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनने पांढरा शर्ट आणि राखाडी पँट घातली होती. खांद्यांवर पट्ट्या!

"आलास का बाबा!" त्यांनी मला जवळजवळ मिठीच मारली. "सकाळपासून फोन करून राहिलो, बदली पाठवा म्हून. पोटात अन्नाचा कण न्हाई. मी डबा खाऊन आलो बग." आणि माझ्या गळ्यात शिट्टी अडकवून ते गेले.

"काका, अहो, मी..." हे मी त्यांच्या पाठीला म्हणालो.

आता गेट सोडून जावं कसं? तेवढ्यात पांढरी गाडी आली. मी गेट उघडलं. हात आपोआप कपाळाला गेला. आतल्या मॅडमनी मान हलवली. मागून इतर उमेदवार आले, त्यांनी मला विचारलं, "मुलाखत कुठं?" मी उजवीकडचा दरवाजा दाखवला. एकाने माझ्याकडे हेल्मेट ठेवायला दिलं.

मग डाळीच्या पोत्यांचा ट्रक आला, अर्धा गेटच्या आत, अर्धा रस्त्यावर, आणि हॉर्नवर हॉर्न. नेमकं त्याच वेळी ऑफिसच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "प्रशांत वाघमारे! मुखेडचे वाघमारे आलेत का?"

माझे पाय जागच्या जागी नाचायला लागले. गेट सोडलं तर ट्रक अडकणार, ट्रक काढत बसलो तर नोकरी जाणार!

"वाघमारे! शेवटचं विचारतोय!"

"बाबाऽऽ!"

बाबा चहाचा ग्लास टाकून धावत आले. काय झालं ते विचारलंही नाही. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "जा तू. हितलं मी बघतो."

आत तीन माणसं बसली होती. मधल्या मॅडम, त्याच पांढऱ्या गाडीतल्या, माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही तर गेटवर होतात."

"हो मॅडम."

"मग आता गेटवर कोण आहे?"

"बाबा आहेत."

बाहेरून बाबांची कडक शिट्टी आणि "घे, घे, मागं घे!" ऐकू आलं. ट्रक निघाल्याचाही आवाज आला. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

"वाघमारे, तुम्हाला कोणाला नाही म्हणताच येत नाही का?"

"येतं मॅडम," मी प्रामाणिकपणे सांगितलं, "थोडा वेळ लागतो."

त्या हसल्या. मी हेल्मेट अजून काखेतच धरलं होतं, ते तेव्हा लक्षात आलं.

बाहेर आलो तर जेवून परतलेले वॉचमन काका आणि बाबा गेटवर खुर्चीला खुर्ची लावून गप्पा मारत होते. "बग," बाबा म्हणाले, "खुर्चीवर आधी मीच बसलो!"

नोकरी मिळाली. परीक्षा झाल्यावर रुजू व्हायचं होतं. मामांचे कपडे आजही नवेकोरे आहेत. आईने दुसऱ्या बादलीसाठी ते भांडेवालीपुढे टाकून पाहिले, पण तिने हात लावला नाही. "सरकारी कपडे म्या घेत न्हाई बाई, भानगड नको."

कारखान्यानेही मला गणवेश दिला: हिरवा टी-शर्ट, छातीवर तुरीच्या शेंगेचं चित्र. पहिल्या दिवशी तो घालून, आयुष्यात प्रथमच हक्काच्या कपड्यांत, छाती काढून गेटमधून आत शिरलो, तर त्याच वॉचमन काकांनी काठी आडवी घातली.

"ओ पाहुणे! कोणाला भेटायचंय?"

मी "काका, अहो, मी..." एवढं म्हणालो, आणि मग सवयीप्रमाणे पाहुण्यांच्या वहीत सही करून आत गेलो.