म्हात्रे काकांचं उदाहरण

हा किस्सा मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगायची गरजच पडत नाही, आमच्या सोसायटीत पाय ठेवला की दुसरंच कुणीतरी तुम्हाला तो सांगतं. पण तुम्ही चहाला बसलाच आहात, तर माझ्या तोंडून ऐका.

नोकरी ठाण्यात, माजिवड्याला, एका विमा कंपनीत. घर डोंबिवलीत. आणि या वयात मी आर्थिक नियोजनाची परीक्षा द्यायला घेतली. (दुसऱ्या खेपेला पास झाले. आत्ताच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.)

आता अभ्यास करायचा कुठे? घरात टीव्ही, पोरं आणि माझा नवरा नितीन. मग मी सकाळी गच्चीवर जायचे. माझी ऑफिसातली मैत्रीण वैशाली कल्याणला राहते, तीही याच परीक्षेला बसलेली. कानात इअरफोन घालून आम्ही फोनवर एकमेकींना प्रश्न विचारायचो. इअरफोन घातला की माणूस किती मोठ्याने बोलतो, ते त्याचं त्याला कळत नाही. मला तर मुळीच कळलं नाही.

पुस्तकात सगळी उदाहरणं ग्राहक अ, ग्राहक ब अशी. माझा त्यात नुसता गोंधळ व्हायचा. म्हणून मी युक्ती काढली, अ आणि ब च्या जागी ओळखीची माणसं घालायची. कमावणारा एकटा, निवृत्ती जवळ, घराचं कर्ज, मुलगी लग्नाची, असं एक उदाहरण होतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे म्हात्रे काका त्यात शिवून घेतल्यासारखे बसले.

"म्हात्रे काकांना धर," मी वैशालीला सांगत होते. "समजा, काका डिसेंबरमध्ये गेले. काकूंना काहीच माहीत नाही. कर्ज तसंच. मग काकूंचं कसं होणार?"

वैशाली म्हणाली, वाचतील असं धरून बघूया का?

"नाही गं, जाणारच. त्याशिवाय उत्तर येत नाही."

पाण्याच्या टाकीमागे सावंत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या काही दिवसांत बिल्डिंग विचित्र वागायला लागली. म्हात्रे काकांना कुणी शहाळं नेऊन देतंय, कुणी त्यांच्यासाठी लिफ्ट धरून ठेवतंय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांनी पार्किंगवर पत्रा टाकायचा विषय काढला आणि तो बिनविरोध मंजूर झाला. काकांच्या सूचनेला तोवर कुणी हो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हटलं, लोक सुधारले.

मग एकदा जिन्यात सावंत वहिनींनी गाठलं. "म्हात्रे काकांचं फार वाईट झालं. डिसेंबर म्हणतात."

मी तिथेच पायरीवर बसले. "काय सांगता? कुणी सांगितलं?"

वहिनींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि माझा हात दाबला. "असू दे. तुला बोलता येत नसेल. ऑफिसच्या गोष्टी असतात, समजते मी."

मला वाटलं, बाई दुःखाने काहीतरी असंबद्ध बोलतेय. आता सांगा, इथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? नाही पेटली. मी घरी जाऊन शिरा केला.

शिरा घेऊन म्हात्र्यांकडे गेले, काकूंना स्वयंपाकघरात जवळ घेतलं आणि डोळे पुसत म्हटलं, "काकू, कागदपत्रांची काळजी करू नका. मी आहे."

"कसली कागदपत्रं?" काका दारात उभे होते.

मी शिकलेलं सगळं एका वाक्यात ओतलं. "काका, तुम्ही निश्चिंत राहा. तुमच्यामागे काकूंना काही कमी पडणार नाही."

काका मटकन खुर्चीत बसले. शहाळी, लिफ्ट, पत्रा, सगळ्याचा अर्थ त्यांना एकदम लागला असावा. त्यांची खात्री झाली की आपल्याला काहीतरी झालंय आणि घरचे लपवतायत. काकूंची खात्री झाली की काका लपवतायत. दुसऱ्या दिवशी दोघं हॉस्पिटलात. रक्त, छाती, पोट, जे तपासता येतं ते सगळं तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत काका जेवले नाहीत. मुलीचं ठरलेलं लग्न अलीकडे घेता येईल का, असंही त्यांनी व्याह्यांना फोन करून विचारलं. हे नंतर कळलं तेव्हा मला खरंच कुठे तोंड लपवावं असं झालं.

रिपोर्ट आले. काका ठणठणीत. साखरसुद्धा नाही.

मग काका चिडले आणि मजल्यामजल्यावर चौकशी करत फिरले. तुला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, असं करत करत सावंत वहिनींपर्यंत पोचले. आणि संध्याकाळी काका, काकू, वहिनी, सगळे माझ्या दारात.

"हीच बोलत होती फोनवर, गच्चीत," वहिनी म्हणाल्या. "काका डिसेंबरमध्ये जाणारच. त्याशिवाय उत्तर येत नाही, म्हणाली."

नितीन माझ्याकडे असं बघायला लागला, जणू मला पहिल्यांदाच पाहतोय. आणि मला माझं वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं.

मी आत जाऊन पुस्तक आणलं, ग्राहक अ दाखवला, हात जोडले.

काकू म्हणाल्या, "म्हणजे परीक्षेसाठी तू माझ्या नवऱ्याला मारलंस?"

काकांनी मात्र पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला, ते उदाहरण शांतपणे पूर्ण वाचलं. मग विचारलं, "उत्तर तरी बरोबर आलं का गो?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

"चुकलं, काका. मी महागाई धरायलाच विसरले."

काकांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"म्हणजे मी फुकटच गेलो."