सरोजाक्कांचं ‘दिसलं नाही’

सरोजाक्का नव्या माणसाचा चेहरा नंतर बघायच्या. आधी त्याच्या बोटांच्या बेचक्या. तंजावूरच्या त्यांच्या तपासणी-प्रयोगशाळेत मी पुण्याहून नोकरीला आलो, तेव्हा माझे हात उलटसुलट करून तमिळ हेलाच्या मराठीत म्हणाल्या, “सरी, ठीक. खरूज नाही. बस.”

प्रयोगशाळेखाली नुकतंच एसटीडी बूथ उघडलं होतं आणि मला फोनची भारी हौस. तिरुवैयारुला एका गायनगुरूंच्या घरी शिकायला राहिलेल्या मल्लिकाच्या अंगावर फोड उठले होते. घरात महारोगाची धास्ती. कातडी खरडून नमुना आणायला मी गेलो. पोर रडेल म्हणून मनगटावरच्या खाजवून सोललेल्या जागेवर पातं नुसतं फिरवलं. परत येऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काचपट्टी कोरी. ‘खरजेचे किडे नाहीत’ असं ऐटीत लिहून मी बूथवरून कळवलंसुद्धा.

“रक्त आलं?” अक्कांनी विचारलं.

“छे! तिला कळलंही नाही.”

“ऐयो! खरडायला गेलतास की चंदन लावायला? खाजवल्या जागी किडा थांबतो काय रे? आणि ‘नाहीत’ कोण लिहितं? ‘दिसले नाहीत’ लिहावं!”

धावत जाऊन पुन्हा फोन लावला. गुरुपत्नी म्हणाल्या, “खरूज नाही, म्हणजे महारोगच ना? तिची आई आलीय न्यायला. संध्याकाळी जातील.”

तिरुवैयारुच्या टाउन बसमध्ये अक्का मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक धरून बसल्या. समोरून येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये मी मल्लिकाला शोधत होतो, आणि ती दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून होतो.

ती ओसरीवर होती, ट्रंकेशेजारी. अक्कांनी तिच्या बोटांमधली न खाजवलेली बारीक रेघ शोधली, तेलाचा थेंब टाकला, रक्ताचे ठिपके येईस्तोवर खरडलं. पहिल्या पट्टीवर काही नाही. दुसरीवरही नाही. आईनं ट्रंकेची कडी लावली.

तिसऱ्या पट्टीवर अक्का बराच वेळ वाकून राहिल्या. मग बाजूला होऊन आईला म्हणाल्या, “बघ.”

“हलतंय!” आई किंचाळली.

“खरूज. मलमानं जाते. साऱ्या घरानं एकदम लावायचं, गुरुजींनीपण.”

“मग सकाळी नाही कसं म्हणालात?” गुरुजींनी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “सांग त्यांना. तूच सांग.”

माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी सांगितलं: मी चुकीच्या जागी खरडलं, आणि न बघितलेलं ‘नाही’ म्हणून लिहिलं. कुणी हसलं नाही. आईनं खाली बसून कडी काढली आणि मल्लिकाचे परकर एकेक करून बाहेर ठेवायला सुरुवात केली.