सागवान म्हणून घेतलेली चौकट

पारनेरच्या लाकूडवाल्याने दुष्काळाच्या आदल्या वर्षी मला सागवान म्हणून हेदाच्या हलक्या लाकडाची चौकट विकली. आज केडगावला सुताराच्या रंध्याखालून खऱ्या सागाचा तेलकट वास आला आणि डोकं पुन्हा तापलं.

त्या दिवशी आमचे गणूमिस्त्री सोबत होते. त्यांनी पिशवीतला रंधा चौकटीवरून एकदा फिरवला, पिवळट छिलका हुंगला आणि गप्प उभे राहिले. मी तासभर घासाघीस करून जिंकलो.

चौकट बसवताना मिस्त्री म्हणतात, "मालक, ह्यो साग न्हाई. हेद हाय."

"मग तवाच का न्हाई बोललात?"

"तुमीच म्हनला हुता, भाव चालू असताना तोंड उघडायचं न्हाई."

चौकट वाळवीने कधीच खाल्ली. मिस्त्री, तोंड नाही, पण कोपर तर मारता आलं असतं! नव्वदीला टेकलात, आता तरी उत्तर द्या.